सोडायलो म्हणजे सोडा नव्हे

माझ्या बायकोने माझ्या गाडीत बसणं बंद केलं, त्याला सव्वा महिना होत आला होता. या सव्वा महिन्यात ती रोज सकाळी परभणीच्या स्टँडवर जाऊन गंगाखेडची एसटी धरत होती आणि मी घरी बसून ब्रेकचे व्हिडिओ बघत होतो. ती गंगाखेडच्या एका शाळेत मराठी शिकवते. मी औषध कंपनीचा माणूस, परभणीपासून गंगाखेड-जिंतूरपर्यंत डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन उभा राहणारा. आठवड्यातले तीन दिवस तरी आमची वाट एकच असते. तरी ती बसने आणि मी गाडीने, असा प्रकार चालू होता. स्टँडसमोरच्या चहावाल्याने एकदा विचारलंच, “मॅडम आजकाल एष्टीनं जायलेत. गाडी बिघडली का?” मी म्हणालो, “ब्रेकचं काम निघालंय.” आणि मला ते खरंच वाटत होतं.

गाडी साधी नव्हती. पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून मी ती घेतली होती. टर्बो इंजिन, त्यात त्याने वरून आणखी ताकद वाढवून घेतलेली. पायाखाली जरा दाबलं की पाठ सीटला चिकटते. परभणीत असल्या गाडीचं काय काम, हा प्रश्न मला साडूपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला होता. काम काहीच नाही. इथे शंभर पावलांवर गतिरोधक, त्यावर रिक्षा, रिक्षाच्या बाजूने मोटारसायकलवर तिघं. पण मला उतावळेपणाचं दुखणं लहानपणापासूनचं. वरण चुलीवर असतानाच ताट घेऊन बसणारा मुलगा मी. धंद्याने ते दुखणं आणखी वाढवलं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्हाला अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात तीन गोळ्या आणि एक सिरप सांगून बाहेर पडायचं. समोरचा काय विचारणार ते त्याने विचारायच्या आत ओळखायचं आणि उत्तर देऊन टाकायचं. वीसेक वर्षं हे केलं की घरीदारी तीच सवय लागते. लोकांची वाक्यं मीच पुरी करतो, आणि पुष्कळदा चुकीची करतो.

तर त्या दिवशी आम्ही दोघं गंगाखेडला निघालो होतो. कारखान्याचं गाळप नुकतंच सुरू झालं होतं आणि रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर होते. पोखर्णीच्या पुढे एका डाव्या वळणावर असाच एक आमच्या पुढे आला. मला मागून दिसत होती ती गच्च भरलेली ट्रॉली, मागच्या बाजूने उसाची टोकं बाहेर आलेली. बायको डाव्या सीटवर होती. वळणामुळे तिला त्या अंगाने पुढचं सगळं दिसत होतं. ती म्हणाली, “अहो, दोन…”

“दिसायलंय मला,” मी म्हणालो आणि गाडी उजवीकडे काढली.

ट्रॉली एक नव्हती. एकीला जोडून दुसरी होती आणि त्यांच्या पुढे ट्रॅक्टर. मी धरलं होतं त्याच्या दुप्पट अंतर मला कापायचं होतं, आणि समोरून मालट्रक आला. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. गाडी वाकडी-तिकडी होत पुन्हा ट्रॉलीच्या मागे आली. तिकडे ट्रॅक्टरवाल्यानेही घाबरून ब्रेक मारला होता. उसाची टोकं आमच्या समोरच्या काचेवर कर्रकन घासली आणि सगळं थांबलं. ट्रॉली आणि बोनेट यांच्यात वीतभर जागा उरली होती.

बायकोने पट्टा सोडला. पर्स घेतली, डबा घेतला, दार उघडून उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी काच खाली करून “अगं, बस ना, झालं ते झालं,” असं दोन-तीनदा म्हणालो. मागून एसटी आली. तिने हात केला, चालकाने थांबवली, ती चढली. माझ्या देखत ती बस निघून गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने एवढंच सांगितलं, “मला भांडायचं न्हाई. पण आजपासून मी त्या गाडीत बसणार न्हाई.”

मी लगेच माझी बाजू मांडली. ब्रेक कमी पडले. एवढ्या ताकदीच्या गाडीला कंपनीचे ब्रेक पुरत नाहीत, हे जगभरचे लोक सांगतात. मोठ्या डिस्क, त्यांना चिमटीत धरणारे चार पिस्टनचे कॅलिपर, स्टीलच्या जाळीचे पाइप, हे सगळं लावलं की गाडी जागेवर थांबते. “लावतो आणि मग तूच बघ,” मी म्हणालो.

“लावा,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

तो “लावा” मी कबूल म्हणून धरला. ब्रेक लागले की ही बसणार. दुसऱ्या दिवशीपासून मला दुसरं काही सुचेना.

तीन आठवडे व्हिडिओ आणि मापांत घालवून पुण्याच्या एका ब्रेक विकणाऱ्या दुकानदाराला मी फोनवर एकच प्रश्न विचारला, माझ्या गाडीला बसेल का? “बसेल की, सर. आरामात बसतं,” तो म्हणाला. पुढे तो चाकांबद्दल काहीतरी सांगायला लागला होता, पण माझ्या कामाचं उत्तर मिळालं होतं, म्हणून मी “पाठवून द्या” म्हणून फोन ठेवला. खोकं यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मी कुरियरच्या ऑफिसात इतके फेरे मारले की तिथला माणूस मला लांबून बघूनच मान हलवायचा.

खोकं आलं तो शनिवार होता. मी रजा टाकली. अंगणात गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले, पुढची दोन चाकं काढली. नव्या डिस्क जेवणाच्या ताटाएवढ्या, कॅलिपर लाल रंगाचे. बायको वह्यांचा गठ्ठा घेऊन ओसरीवर आली, एकदा त्या लाल कॅलिपरकडे बघितलं आणि म्हणाली, “रंग छान हाय.” मला तेवढ्यावर हुरूप आला.

दहा मिनिटांत तो उतरला. जुनी डिस्क दोन छोट्या स्क्रूंनी धरलेली असते. व्हिडिओतला माणूस ते स्क्रू बोटाने काढल्यासारखे काढतो. माझे हलेनात. मी जोर लावला, पहिल्या स्क्रूचं तोंडच घासून गोल झालं. दुसऱ्याचं तसं होऊ नये म्हणून जपून लावला, तेही गोल झालं. मग हातोडी, मग गंजावर मारायचा फवारा, मग शिव्या. उन्हं चढली. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा खडखडत होता आणि दळणाला आलेल्या बाया कुंपणावरून माझ्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, “काय करायलात भाऊ सकाळपासून?” मी म्हणालो, “ब्रेक.” ती म्हणाली, “मोडायलात का लावायलात?”

शेवटी ड्रिल मशीन आणून स्क्रूची डोकी उडवली. डिस्क निघाली. तर नवी डिस्क मोठी, ती मागच्या पत्र्याला घासायला लागली. पत्रा कापला. कॅलिपर चढवला, तो चढला, आणि मला वाटलं झालं. चाक लावून फिरवायला गेलो तर चाक फिरेना. कॅलिपरचा फुगवटा चाकाच्या आतल्या आऱ्यांना टेकत होता. मी पुण्याला फोन लावला.

“सर, तेच तर सांगत होतो,” दुकानदार म्हणाला, “तुमच्या चाकाला स्पेसर लागणार.”

आता त्याच्यावर ओरडायचं कशासाठी, तरी मी ओरडलो. मग कॅलिपर पुन्हा उतरवला, चाकाबरोबर रिक्षात टाकला आणि लेथवाल्याकडे गेलो. तो एरवी ट्रॅक्टरचे आणि कारखान्याच्या गाड्यांचे पार्ट घडवतो. त्याने कॅलिपर हातात घेऊन उलटासुलटा केला, माप घेतलं, आणि चाकामागे बसवायच्या दोन चकत्या करून दिल्या, त्याला पुरतील असे लांब बोल्टही दिले. तो काम करत होता तेवढा वेळ मी त्याच्या दुकानात येरझाऱ्या घालत होतो. “बसा ना, सर,” तो दोनदा म्हणाला. माझ्याच्याने बसवेना. घरी आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता आणि हात काळे झाले होते. बायकोने वह्या गोळा केल्या आणि विचारलं, “झालं?” मी म्हणालो, “उद्या.”

ब्रेकचं तेल बदलून हवा काढायचं काम एकट्याचं नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली कॅलिपरवरचा बारीक नट उघडून तेलाबरोबर हवा बाहेर सोडायची आणि नट बंद झाल्यावरच वरच्याने पाय उचलायचा. म्हणून रविवारी सकाळी मी जिंतूर रोडवरच्या एका मिस्त्रीला घरी बोलावलं. साठीचा माणूस, जन्म जीपगाड्यांखाली गेलेला, बोलणं संथ. एकेक शब्द चघळून बोलतो. त्याच्याशी बोलताना माझ्या अंगाला मुंग्या येतात.

तो आल्या आल्या माझ्या कामाकडे बघायच्या ऐवजी कोपऱ्यात फेकलेले जुने ब्रेक उचलून बघायला लागला. पॅडवर अंगठा फिरवला. “सर, ह्याला काय झालतं?” त्याने विचारलं. “निम्मे बी झिजले न्हाईत. डिस्क बी बराबर हाय.”

“कमी पडत होते.”

“कमी?” तो म्हणाला. “सर, गाडी थांबती ती…”

“मिस्त्री, ते जाऊ द्या. आपण हवा काढून घेऊ.”

त्याने पॅड खाली ठेवला, दोन्ही कॅलिपर तपासले, हवेचे नट वरच्या अंगाला आहेत ना ते बघितलं आणि मान हलवली. म्हणजे निदान डावं-उजवं तरी मी बरोबर लावलं होतं. मग त्याने सलाइनची नळी मागितली. ती माझ्याकडे असायचीच. नळीचं एक टोक नटावर, दुसरं तेलाच्या बाटलीत. “नळी आखूड हाय, सर. टोक तेलात बुडत न्हाई. जरा लांब…”

“चालतं हो.”

“बरं. आता बघा, मी खालून…”

“कळलं, कळलं. व्हिडिओ बघितलाय मी. तुम्ही सांगाल तसा दाबतो आणि सोडतो.”

मी आत जाऊन बसलो. मिस्त्री पुढच्या चाकाच्या खोबणीत डोकं घालून बसला. मला त्याची पाठ आणि चप्पल दिसत होती. बायको ओसरीच्या पायरीवर वह्या तपासत होती, रविवारची गिरणी चालूच होती.

“दाबा,” खालून आवाज आला. मी दाबून धरला.

“सोडा…” खालून आवाज आला. मी सोडला.

“दाबा.” दाबला. “सोडा…” सोडला.

असं पंचवीस-तीस वेळा झालं. पेडल कापसाच्या उशीसारखं. दाबलं की खालीपर्यंत जायचं. मिस्त्री म्हणाला, “बुडबुडे माघारी जायलेत, सर. हवा आत वढून घ्यायलंय.” मग त्याने नट तपासला. पाइपच्या जोडाला तांब्याचे वायसर होते, ते काढून पुन्हा बसवले. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. पुन्हा बुडबुडे. तेलाची एक बाटली संपली, दुसरी उघडली.

“अहो, मिस्त्री काय…” बायको पायरीवरून म्हणाली.

“थांब गं जरा.”

आता मला कॅलिपरचा संशय यायला लागला. नकली माल पाठवला असेल. आतलं रबर फाटलेलं असेल. मी पुण्याला पुन्हा फोन लावला. रविवार असूनही त्याने उचलला, ही त्याची भलाई, आणि तो म्हणाला, “सर, माल तपासून पाठवलाय. हवा नीट निघाली नसेल.” मी म्हणालो, सकाळपासून तेच करतोय, दुसरं काय करतोय. आवाज इतका चढला की कुंपणापलीकडच्या बाया गप्प झाल्या. फोन ठेवून मी स्टिअरिंगवर हात आपटला. हॉर्न वाजला आणि खाली मिस्त्रीचं डोकं पत्र्याला आपटलं.

“परेशान होऊ नका, सर,” डोकं चोळत तो म्हणाला. “निघंल हवा. कुठं जाती.”

“अहो, तुमी दोघं वेगळंच…” बायको पुन्हा म्हणाली.

“अगं, आमचं इथं काय चाललंय आणि तुझं काय मध्येच!”

 तिने लाल पेन वहीत ठेवून वही मिटली आणि ती नुसती बघत बसली. मला ते बघणं नकोसं झालं. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. उद्या सोमवार. उद्या हिला म्हणायचं होतं की चल, ब्रेक लागले, बस. सव्वा महिना मी हे वाक्य तयार ठेवलं होतं. आणि पेडल अजून उशीसारखं खाली जात होतं. मला रडू येईल असं वाटायला लागलं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, अंगणात, ठोकळ्यांवरच्या गाडीत.

“दाबा,” मिस्त्री म्हणाला. मी दाबला.

“सोडा…” मी सोडला.

“थांबा दोघं बी,” बायको म्हणाली. या वेळी ती उठून गाडीपाशी आली होती. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांशी बोलते त्या आवाजात ती म्हणाली, “मिस्त्री, तुमी खालून काय म्हणायलात?”

“मी? दाबा म्हनायलो, मॅडम.”

“आन मंग?”

“मंग नट खोलताना सांगायलो. सोडायलो म्हनून.”

ती माझ्याकडे वळली. “ऐकलं? ते ‘सोडायलो’ म्हणायलेत. म्हणजे ते तिकडं हवा सोडायलेत, तुमी तवा पाय दाबूनच धरायचा. तुमी ‘सोडा’ एवढंच ऐकून पाय काढायलात. नट उघडा आन पाय वर, मग हवा आत जाणार न्हाई तर काय. आधी क्रियापद तरी पुरं होऊ द्या.”

“हात्तिच्या!” मिस्त्री चाकाखालून म्हणाला. मग तो हसायला लागला. त्याचं डोकं आत होतं, म्हणून हसणं पत्र्यातून आल्यासारखं ऐकू आलं.

मला हसू आलं नाही. गिरणीच्या खडखडाटात तो ‘यलो’ बुडाला होता, हे खरं. पण मला माहीत होतं की नुसत्या खडखडाटाने तो बुडाला नव्हता. मिस्त्रीने सुरुवातीलाच सांगायला घेतलं होतं, ते मी तोडलं. नळी आखूड आहे म्हणाला, ते तोडलं. पुण्याचा दुकानदार चाकाचं सांगत होता, ते तोडलं. आणि त्याच्या मागे वळणावरची ती ट्रॉली उभी होती आणि डाव्या सीटवरून कोणीतरी “अहो, दोन…” म्हणत होतं. माझी कानशिलं तापली. मी तिला विचारलं, “आधी का नाही सांगितलंस?”

“दोनदा सांगायला गेले,” ती म्हणाली. “उठा आता तिथून. मी दाबते.”

मी उठलो. ती साडीचा घोळ सावरत स्टिअरिंगमागे बसली. मी घरात जाऊन लांब नळी आणली आणि तिचं टोक तेलात बुडवून बाटली धरून बसलो. पुढची चाकं नसलेल्या, लाकडावर उभ्या असलेल्या गाडीत का होईना, ती बसली होती. मला काहीतरी बोलायचं होतं. मी ओठ मिटून ठेवले.

“दाबा.”

“दाबलं.”

“सोडायलो.”

“हं, सोडा.”

“बंद केलं. आता उचला पाय.”

“उचलला.”

चारी चाकांची हवा तासाभरात निघाली. बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. शेवटी तिने पेडल दाबलं तेव्हा ते वरच अडलं, दगडासारखं. “लागलं,” ती आतून म्हणाली आणि उतरली. उतरून सरळ घरात गेली, कारण कुकरच्या शिट्ट्या कधीच झाल्या होत्या.

मिस्त्री हात पुसत मला सांगायला लागला, “सर, आता पयल्या दिवशी कचाकच ब्रेक मारू नका…”

“कळ…” माझ्या तोंडातून गेलंच. मी थांबलो. म्हणालो, “बोला, मिस्त्री.”

त्यालाच जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं असावं. मग तो सावकाश सगळं बोलला. पॅड हळूहळू बसू द्यायचे. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन थोडा थोडा कमी करायचा, पुरती थांबवायची नाही, असं बऱ्याच वेळा. तेलाची पातळी बघायची. आणि सगळ्यात शेवटी, पेटी उचलता उचलता, “चाकाला चकत्या टाकल्यात तुमी. आज गाडी फिरली की नट जरा ढिले होत्यात. उद्या सकाळी सगळे एकदा आवळून घ्या. इसरू नका.” ते व्हिडिओत कुठेच नव्हतं, किंवा होतं आणि मी पुढे ढकललं असेल.

दुपारी मी एकटाच येलदरीच्या रस्त्याला जाऊन पॅड बसवून आलो. सोमवारी सकाळी पाना घेऊन पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो. पहिला नट आवळला तर खरोखरच पाव फेरा गेला. दुसरा गेला. मला घाम फुटला. मागे बायकोच्या चपलांचा आवाज आला. पर्स, डबा, वह्यांची पिशवी. स्टँडवर जायची तिची वेळ झाली होती. मी वर बघितलं नाही आणि सव्वा महिना तयार ठेवलेलं वाक्य म्हणालो नाही.

“किती राहिले?” तिने विचारलं.

“या चाकाचे दोन. मग ते चाक.”

“पुरे करा,” ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. मी सगळे पुरे केले, फिरून एकदा सगळे तपासले आणि पाना डिकीत टाकला. तेव्हा तिने डावं दार उघडलं आणि बसली.

पोखर्णी मागे पडली. तिने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. पुढे त्याच वळणावर उसाचा ट्रॅक्टर लागला. तसाच गच्च, तशीच उसाची टोकं बाहेर. माझा पाय आपोआप वळवळला.

“अहो,” ती म्हणाली आणि थांबली. पुढे बोललीच नाही. तिला वाटलं असेल की आता मी बोलणार.

मी पाय उचलला. गाडी मंद झाली, ट्रॉली थोडी लांब गेली. मी वाट बघितली. मला वाट बघता येत नाही, तरी बघितली.  मग मीच विचारलं, “त्या दिवशी तू ‘दोन’ म्हणालीस. पुढं काय म्हणणार होतीस?”

ती समोर बघत म्हणाली, “दोन ट्रॉल्या हायेत म्हणणार होते. आन मला भ्या वाटायलंय, हळू घ्या. एवढंच.”

ट्रॉल्यांचं मला कळलं होतं. दुसरं मला कळलं नव्हतं. सव्वा महिना मी डिस्कची मापं पाठ केली आणि हे वाक्य पुरं करून घ्यायचं मला सुचलं नाही. मी विचारलं, “आत्ता वाटायलंय का?”

तिने पुढच्या ट्रॉलीकडे बघितलं. “थोडं,” ती म्हणाली.

मी गाडी आणखी हळू केली. मागून एका जीपवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. वाजवू दे म्हटलं.